एकेरीवर

"एकेरीवर आलीस? सख्ख्या बापाशी?"

वडील अंगणातून असे ओरडले की ताडकळसच्या बाजारातल्या शेळ्यांनी तोंडातला पाला खाली टाकला आणि पूर्णेला निघालेली एसटी जागीच बंद पडली. ती आधीच बंद होती असं काही जण सांगतात. त्यांचं ऐकू नका.

मी गच्चीवर येरझाऱ्या घालत होते. दुपारी मोबाइलवर स्पॅनिशची तोंडी परीक्षा होती. पास झाले तर पुण्याच्या एका कंपनीचं भाषांतराचं काम घरी बसून मिळणार होतं, नाही तर ते दुसऱ्या कुणाला जाणार होतं. सकाळपासून एवढी चालले होते, की सरळ चालले असते तर स्पेन लागलं असतं.

जीव खाल्ला होता तो उपपदांनी. त्या भाषेत नाम एकटं सहसा घराबाहेर पडत नाही. पुल्लिंगी असेल तर पुढं 'एल', स्त्रीलिंगी असेल तर 'ला'. अनेकवचन झालं, की नामाच्या शेपटीला 'स' आणि पुढच्या 'एल'चं 'लोस', 'ला'चं 'लास'. नपुंसकलिंगी नाम औषधालाही नाही. आपलं टेबल गरीब बिचारं 'ते'. तिकडं गेल्यावर ती 'ला मेसा', चार असल्या की 'लास मेसास'. जन्मभर 'तो' असलेला हात तिकडं चक्क बाई! म्हणून मी प्रत्येक शब्दाला मराठी 'तो', 'ती' लावून मोठमोठ्यानं घोकत होते : "एल पाद्रे, तो बाप. तो बाप आला."

आणि नेमका बाप आला. म्हणजे, वडील आले.

"शाळेत शिपायालासुद्धा अहोजाहो करायचो मी," ते जिना चढत गरजले. जन्म मास्तरकीत गेलेला, आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जायचा. "आन् माजी लेक मला 'तो' म्हणायलीय!"

"बाबा, ते स्पॅनिशमधी हाय."

"का? स्पेनमधी बापाला मान न्हाई?"

परीक्षेच्या वेळी ते समोरच्या बाजेवर येऊन बसले. पडद्यावरच्या बाईंनी स्पॅनिशमध्ये विचारलं, "तुमचे वडील काय करतात?"

'एल पाद्रे' ओठांपर्यंत आलं होतं. मी बाजेकडं पाहिलं. वडिलांनी कान टवकारले होते. जीभ वळली ती वळलीच. "लोस पाद्रेस," मी म्हणाले, "शिक्षक होते."

बाई खूश. तिकडं 'लोस पाद्रेस' म्हणजे आईवडील. "अरे वा, दोघंही?"

"नाही. आई नाही. फक्त लोस पाद्रेस."

"मग... वडील किती आहेत तुम्हाला?"

"एक."

"मग 'एल' का नाही?"

आदरार्थी बहुवचनाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात, देव जाणे. मी घाम पुसत बसले. एवढा घाम, की दुधना दुथडी भरली असती. पुढं प्रत्येक नामाला 'लोस' नाही तर 'लास'च लावत सुटले.

संध्याकाळी मोबाइलवर निकाल आला : वचन आणि उपपदं कच्ची, नापास. मी खाली जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. एक बाप अनेकवचनात कसा गेला आणि कामही त्याच्याबरोबर कसं गेलं ते.

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"मंग एकेरीत म्हणायचं," ते म्हणाले.