भानूकाकांची हाक

धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर पर्यटकाची गाडी वाळूत रुतली, की भानूकाका तिच्या बॉनेटवर म्हशीच्या पाठीवर मारावी तशी थाप मारत आणि विचारत, "हिला खायला काय घालता, शेठ?" मग हुकूम सुटे, "उतरा सगळे!" रिकामी झाल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. होडी वाळूवर ओढताना ते एकेकाचं नाव घेऊन हाक देत. ज्याचं नाव येईल त्याने जोर लावायचा. गाड्यांनाही तीच रीत.

माझ्या लहानपणी आमची माणसं रुतलेली छोटी गाडी अक्षरशः उचलून कडक वाळूवर ठेवत. आता अख्खी आळी लागली तरी गाडी जेमतेम हलते. "एवढ्या जड का झाल्या रे ह्या?" काकांनी एकदा मला विचारलं. मी सांगितलं: धडकेत आतले वाचावेत म्हणून जास्त पोलाद आणि एअरबॅगा, वर काचेचं छप्पर, बटणावर सरकणाऱ्या खुर्च्या, हे सगळं ओढायला मोठं इंजिन, थांबवायला मोठे ब्रेक. विजेवरची असेल तर तळाला बॅटरीची लादी. शेजाऱ्याची गाडी मोठी, म्हणून आपली त्याहून मोठी. नाहीतर धडकेत आपणच चिरडले जाऊ ही भीती.

"आणि माणसं किती बसतात?"

"पूर्वीएवढीच. बऱ्याचदा एकटाच."

"म्हणजे हत्तीवर बसून मीठ आणायला निघालेत!"

गेल्या उन्हाळ्यात भरती चढत असताना विजेवरची एक पांढरी गाडी रुतली. काका ओरडले, "उतरा!" मालकाने काच बोटभर खाली केली. "काका, आत फॅमिली आहे, एसी चालू आहे. तुम्ही ढकला ना." पाणी जवळ येत होतं. काकांनी प्रथमच नियम मोडला. काकांसकट माणसांनी मागून खांदे लावले आणि मालकाने मध्येच अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. गाडी पुढे उसळली, मागे घसरली, आणि काकांचा गुडघा चाकाखाली गेला. ट्रॅक्टरने गाडी ओढून काढल्यावर मालक उतरला, आधी बंपर पाहिला, मग म्हणाला, "सॉरी हां, आत काही जाणवलंच नाही."

जाणवणार कसं? जाणवू नये म्हणूनच तर ती गाडी विकली जाते! आतल्याच्या निश्चिंतीसाठी चढवलेलं वजन बाहेरच्याच्या हाडांवर उतरतं. जाहिराती याला सुरक्षितता म्हणतात. कोणाची, ते सांगत नाहीत.

काका पुन्हा होडीवर गेले नाहीत. उपड्या होडीला टेकून बसत. हाक मात्र तेच देत. मुलगी त्यांना कायमचं आपल्या घरी, मसोलीला नेणार होती, त्याच्या आदल्या संध्याकाळी आणखी एक अवजड गाडी रुतली. आत एकटा तरुण, काचा बंद, हॉर्न चालू. माणसं काकांकडे पाहू लागली.

"काका, द्या की हाक."

"उतरू दे त्याला."

पाणी चाकांना लागलं. अखेर दार उघडलं. बूट हातात धरून तो वाळूत उतरला. "सांगा, काय करू?"

"नाव काय तुझं?"

"निखिल."

"बूट ठेव. मागे जा, खांदा लाव."

काकांनी कुबडी वाळूत रोवली, त्या आधाराने उभे राहिले आणि पहिली हाक दिली, "निखिल!"