बसाप्पाअण्णांनी गोळ्यांचा केलेला सौदा

"डॉक्टरीणबाई, ह्यांनी रिकाम्या खुर्चीला नमस्कार घातला की हो," असं म्हणत गंगाक्का माझ्या टेबलासमोर मटकन बसल्या. मागून त्यांचे यजमान बसाप्पाअण्णा भिंत धरून आत आले आणि माझ्या डावीकडच्या कपाटाकडे बघून हसले.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझा दवाखाना शाहूपुरीत होता. समोरच अण्णांची पेढी. ते गुळाचे अडते, म्हणजे शेतकऱ्याचा गूळ व्यापाऱ्याला विकून देणारे. काही दिवसांपूर्वी ते गालातल्या कळांसाठी माझ्याकडे आले होते. चेहऱ्याची एक नस असते. ती बिघडली की दाढी करताना, घास चावताना, नुसता वारा लागला तरी शॉक बसल्यासारखी कळ येते. दातांचं दुखणं समजून अण्णांनी दोन धडधाकट दाढा काढून घेतल्या होत्या.

या दुखण्यावर फिट्सचं एक औषध चालतं. ते नस शांत करतं, पण थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवावं लागतं. एकदम जास्त घेतलं तर झोप येते, तोल जातो, एकाचे दोन दिसतात. मी सकाळी अर्धी आणि संध्याकाळी अर्धी गोळी लिहून दिली होती.

आणि आदल्या दिवशी गडहिंग्लजहून त्यांच्या मुलीला, महादेवीला, बघायला पाहुणे आले होते. अण्णांनी मुलाच्या वडिलांना नमस्कार केला, मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीलाही केला. वर तिला विचारलं, "पावणं, तुम्ही का गप?" नंतर पानसुपारीचं तबक घेऊन उठले ते थेट तबकासकट पाहुण्यांच्या मांडीवर. ज्या घरात दारूचं नाव कुणी काढत नाही, त्या घरचा माणूस दिवसाढवळ्या झुलत होता. पाहुणे 'विचार करून कळवतो' म्हणून उठले. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात अण्णा प्यायला लागल्याची बातमी. महादेवीला मुलगा मनापासून आवडला होता. ती तेव्हापासून जेवली नव्हती.

"अण्णा, गोळ्या किती घेताय?"

"ठरल्या तेवढ्याच. सकाळी दोन, सांजच्याला दोन."

"मी अर्धी म्हणाले होते."

"व्हय की. ती तुमची बोली. पयल्या बोलीवर कोण सौदा पक्का करतंय? अर्धीपास्नं सुरू केलासा म्हंजी दोनावर ठरणार, हे काय सांगाय लागतंय?"

"मी सौदा करत नव्हते!"

"मग 'हळूहळू वाढवू' असं कशाला म्हणालासा?"

मला भयंकर राग आला, आणि त्याहून भयंकर हसू. दोन्ही आवरून त्यांना तपासलं. ताप नव्हता, अंगावर पुरळ नव्हतं. संध्याकाळपर्यंत दवाखान्यातल्या कॉटवर झोपवून ठेवलं. उठल्यावर म्हणाले, "मग आता बंदच करतो."

"मनानं बंदही करायचं नाही. कळा परत सुरू होतील. उद्यापासून अर्धी."

"दीड."

"अर्धी, अण्णा."

"बरं, एक. तुमचं न्हाय, माझं न्हाय."

या माणसाला तोंडी सांगण्यात अर्थ नव्हता. गुळाच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. कायद्यानं ती पद्धत बंद केली होती, पण जुन्या अडत्यांच्या लेखी तोंडची बोली म्हणजे गप्पा आणि रुमालाखाली ठरलं ते शेवटचं. मी हात पुसायचा नॅपकिन उचलला आणि म्हटलं, "हात द्या इकडं."

अण्णांनी घाबरून हात मागे घेतला. परक्या बाईचा हात कसा धरायचा?

"द्या की," गंगाक्का खेकसल्या. "नाडी बघताना देत न्हाईसा?"

नॅपकिनखाली मी त्यांचं बोट अर्ध्यावर धरून दाबलं. त्यांनी अख्खं बोट पुढे सरकवलं. मी पुन्हा अर्ध्यावर आणलं. बराच वेळ आमची अशी झटापट चालली. बाहेर बसलेले पेशंट दारातून बघत होते. अखेर अण्णांनी मोठा सुस्कारा सोडला. "ठरलं. डॉक्टरीणबाई लई कडक हाय."

अण्णांचा तोल सावरला. पुढे कळा थांबेपर्यंत मी डोस थोडा थोडा वाढवला, दर खेपेला नॅपकिनखालीच.

मग अण्णा दारू पीत नसल्याचं सर्टिफिकेट मागायला लागले. मी म्हटलं, तसला कागद दाखवलात तर उरलेल्यांचीही खात्री पटेल. त्यापेक्षा मुलाच्या वडिलांना इथे बोलवा. ते आले. अण्णांच्या परवानगीनं मी सगळं समजावून सांगितलं. पाहुण्यांनी उठून अण्णांसमोर उभं राहून विचारलं, "आता मी किती दिसतोय?"

"एक."

"आन् त्या दिवशी?"

"दोन."

"मग त्यातल्या कुणाच्या घरात पोरगी देणार हुतासा?"

"जे गप बसलं हुतं, त्येच्या," अण्णा म्हणाले.

गंगाक्कांनी कपाळाला हात लावला. पाहुणे इतक्या मोठ्यानं हसले की बाहेरचं एक पोर रडायला लागलं. पिणारा माणूस एवढं खरं बोलत नाही, असं त्यांचं मत पडलं. लग्न ठरलं. त्या दिवशी महादेवी पोटभर जेवली.

तेव्हापासून चिठ्ठी लिहून झाली की मी पेशंटलाच विचारते, "आता सांगा, घरी जाऊन काय करणार?" काही काही उत्तरं ऐकून अंगावर काटा येतो. पण ती दवाखान्यातच ऐकलेली बरी.