दाणी काकांचा पट्टा

मी सगळ्यात जास्त ऋणी कोणाचा असेन, तर कमल दाणी काकूंचा. आणि त्या सकाळी माझ्या कॉम्प्युटरवर जो रिपोर्ट उघडा होता, तो त्यांच्याच घरचा होता. व्यायाम करताना दाणी काकांच्या हृदयाची गती ठरवून दिलेल्या मर्यादेच्या बरीच वर गेली होती. आदल्या दिवशीही तेच, त्याच्या आदल्या दिवशीही तेच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रायपूरला शंकर नगरमधल्या एका सेंटरमध्ये काम करतो. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांना आम्ही हळूहळू पुन्हा चालतं-फिरतं करतो. माझे वडील अभनपूरच्या राइस मिलमध्ये हमाल होते. काकू तिथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. घरात मराठी बोलणारा पोरगा म्हणून त्यांनी मला संध्याकाळी घरी बोलावून शिकवलं. मराठी वाचायलाही त्यांनीच शिकवलं, कारण आमची शाळा हिंदी. शाळेत मॅडम म्हणायचं आणि घरी काकू, हा त्यांचा नियम. फिजिओथेरपी नावाचं काही शिक्षण असतं, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

रिटायर झाल्यावर दोघं रायपूरच्या तात्यापाऱ्यात, काकांच्या घरी राहायला आले. काही वर्षांनी काकांना अटॅक आला. त्यांचा मुलगा अनिकेत बंगलोरला असतो. त्याने आमचा घरी करायच्या व्यायामाचा प्रोग्राम घेतला. खुर्चीवरून उठणं-बसणं, जागच्या जागी चालणं, असे साधे व्यायाम. ते करताना छातीवर एक पट्टा बांधायचा. पट्टा हृदयाचे ठोके पकडतो आणि ॲपवर पाठवतो. मला ते सेंटरमध्ये दिसतात, अनिकेतला त्याच्या फोनवर.

पहिल्या दिवशी पट्टा मीच बांधून दिला. काका म्हणाले, "जानवं कमी पडलं का, आता हे आडवं घालून राहिले मले."

दोन गोष्टी मी त्यांना सांगितल्या. एक, पट्टा आतून पाण्याने ओला करून बांधायचा, नाहीतर ठोके नीट येत नाहीत. दुसरी, आकड्यापेक्षा महत्त्वाची. व्यायाम करताना शेजारच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं, की थांबायचं.

सुरुवातीला काकांचे ठोके संथ असायचे. तसेच ते असायला हवेत. अटॅकनंतर हृदयाला आराम मिळावा म्हणून बीटा ब्लॉकर नावाची गोळी देतात. ती गतीला वर जाऊ देत नाही. मग काही आठवड्यांनी आकडे सुधारले. रोजचा व्यायाम पूर्ण, एकही खाडा नाही. सगळे खूश झाले. काकांची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायची होती. रिपोर्ट चांगले म्हणून ती पुढे ढकलली गेली. आणि आता गती अशी वर गेली होती, की ती गोळी पोटात असताना तिथवर जाणं कठीणच.

मी आमच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "गोळी सोडली असेल. बरं वाटलं की पेशंट पहिल्यांदा तेच करतो. जाऊन बघ."

मी न कळवता गेलो. दार काकूंनी उघडलं. त्यांना थोडी धाप लागली होती. म्हणाल्या, आत्ताच एक्सरसाइज आटोपली त्यांची, बैस. काका आतल्या खोलीत पलंगावर होते, पाठीला तीन उशा लावून. मी गोळ्यांची पाकिटं बघितली. गोळी रोजच्या रोज घेतलेली होती. मनगटावर बोटं ठेवली. नाडी संथ चालत होती. नुकताच व्यायाम केलेल्या माणसाची ती नाडी नव्हती. मग पायांकडे लक्ष गेलं. घोट्यावर अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला. हृदय रक्त नीट पुढे ढकलू शकत नसलं, की पाणी असं पायात साठतं. झोप कशी लागते विचारलं. म्हणाले, आडवं झालं की जीव घाबरतो, म्हणून बसूनच झोपतो.

काकू चहा ठेवायला स्वयंपाकघराकडे वळल्या. त्यांच्या ब्लाउजवर, पाठीला आडवी, सरळ ओली रेघ होती. ती रेघ मी रोज पेशंटच्या बनियनवर बघतो.

मी त्यांच्या मागे गेलो.

"काकू, पट्टा तुम्ही बांधता?"

त्यांनी गॅस बारीक केला. "हव," म्हणाल्या.

"काहून?"

"यायले दोन पावलं चालवत नाही रे. अनिकेत म्हणते, एक्सरसाइज नाही झाली तर घराले कुलूप लावतो अन् दोघाईले बंगलोरले नेतो. हे म्हणून राहिले, मले इथून हलवू नको." मग हळूच म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, पापा का ग्राफ आगे नहीं बढ़ रहा. म्हणून मी जरा जोरात केली."

आतून काकांचा आवाज आला, "चहा करून राहिली की चहाचे मळे लावून राहिली?"

"त्याले सांगशील?" काकूंनी विचारलं.

"सांगावं लागेल, काकू."

"सांग मग. खोटं बोलाले मी तुले शिकवलं नाही."

मी तिथूनच डॉक्टर मॅडमना फोन केला, मग अनिकेतला. दुपारी काकांना ॲडमिट केलं. इको झाली. हृदयाची ताकद फार कमी उरली होती. अनिकेत मिळालं ते विमान धरून आला. हॉस्पिटलच्या जिन्यात त्याने विचारलं, "मम्मी, आपने बताया क्यों नहीं?" काकूंनी त्याला ग्राफबद्दल एक शब्दही म्हटला नाही. नुसती त्याच्या हातातली पाण्याची बाटली घेतली.

काका घरी परत आले नाहीत. तेरावं झाल्यावर तात्यापाऱ्यातल्या घराला कुलूप लागलं आणि काकू बंगलोरला गेल्या. निघताना मला म्हणाल्या, "माझ्याच पायानं चालवलं मी त्याईले. कुठं पोचवलं?"

आमच्या सेंटरने त्यानंतर एक नियम केला. व्यायामाआधी पेशंटने व्हिडिओ कॉलवर पट्टा बांधून दाखवायचा. नवीन पेशंट हसतात. हसू देतो. आम्हाला इतकी वर्षं वाटायचं, की यंत्राचा आकडा चुकीचा आहे की बरोबर, एवढंच तपासायचं असतं.

काकूंना मी पाठवलेलं पत्र खाली देतो. त्यांनी परवानगी दिली आहे.

*काकू, सा. नमस्कार.*

*तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. मी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून बघितलं. इको वेळेवर झाली असती तर काकांना आणखी काही दिवस मिळाले असते का, हे त्यांना सांगता येत नाही. मलाही येत नाही. तुम्ही खोटं बोलायला शिकवलं नाही, म्हणून तुम्हाला बरं वाटेल असं काही रचून लिहीत नाही. पण पट्टा कोणी बांधला हे मला कळलं नाही, सेंटरला कळलं नाही, अनिकेत भैयालाही नाही. ते सगळं ओझं एकट्या तुम्ही उचलू नका.*

*ॲपमधले ते सगळे रेकॉर्ड मी पुन्हा बघितले. वर काकांचं नाव होतं, ठोके तुमचे. नाव बदलून तुमचं केलं आहे. ठोके डॉक्टर मॅडमनाही दाखवले. एवढ्या वयात एवढी धावपळ करून ते कुठेही अडखळलेले नाहीत. तरी एकदा तिथल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.*

*पट्टा पार्सलने पाठवतो आहे. तो कसा ओला करायचा हे तुम्हाला सांगायला नको. अनिकेत भैयाच्या बिल्डिंगखाली बाग आहे म्हणालात. तिथे रोज थोडं चाला, या वेळी स्वतःसाठी. आकड्याकडे बघू नका. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढंच. तिथे मराठी बोलायला कोणी नसेल, तर चालायला लागलात की मला फोन लावा. मी बोलत राहीन.*

*तुमचा,*
*बबन*