शेवटच्या पानाची पाठ

माझे सासरे भाऊ फणसे जकात नाक्यावर कारकून होते. तीस वर्षं ट्रकवाल्यांशी हिंदीत वाद घालून ते निवृत्त झाले आणि उरलेला सगळा हट्ट त्यांनी घरातल्या पोथीवर काढला.

श्रावणात वाचायची ही पोथी भाऊंच्या पणजोबांनी हातानं लिहिलेली. छापायच्या शाईत चरबी असते, असं तेव्हा लोक म्हणत. म्हणून आमच्याकडे वाचनाला छापील पोथी कधीच चालली नाही. भाऊ हे आल्यागेल्याला अभिमानानं ऐकवायचे. शेजारच्या गोदूबाईंनी एकदा हौसेनं छापील प्रत आणली, तर ती ओट्यावरूनच परत गेली. त्या दिवशी मला भाऊंचा भयंकर राग आला होता.

यंदा पानं तुटायला लागली, तेव्हा भाऊंनी नवी प्रत लिहायला घेतली. कागद स्टेशनरीच्या दुकानातला, शाई बाटलीतली, पण सोवळं मात्र कडक. रोज सकाळी दोन पानं. समोरच्या कापडाच्या लूमचा खडखडाट त्यांना चालायचा, माझा टीव्ही चालायचा नाही. कानामात्रेचाही फरक करायचा नाही, हा त्यांचा नियम.

बेचाळिसावं पान शेवटचं. शेवटची ओवी झाली की आम्ही नमस्कार करून पोथी तशीच बासनात बांधतो. ते पान कुणी उलटत नाही. भाऊंनी प्रत करायची म्हणून उलटलं आणि मला हाक मारली. मागे पणजोबांच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘मुंबईत शिळाछापावर छापलेल्या पोथीवरून उतरून घेतली. मुक्काम भिवंडी.’

भाऊंचा चेहरा इतका पडला की मला चिडवायचंही सुचलं नाही.

“राहू द्या ना भाऊ,” मी म्हटलं. “या दोन ओळी गाळल्या तर कुणाला कळणारे?”

“मला कळेल ना, माधवी. एक्केचाळीस पानं जशीच्या तशी लिहिली आणि इथे येऊन चोरी करू?”

त्यांनी दोन्ही ओळी उतरवल्या. श्रावणी सोमवारी वाचन संपलं, ऐकायला आलेल्या बायका नमस्काराला उठल्या. भाऊंनी सगळ्यांना पुन्हा बसवलं, पान उलटलं आणि त्या ओळी मोठ्यानं वाचल्या. मला त्यांची फार माया आली.

“म्हणजे पणजोबांनी एवढी वर्षं लपवलं म्हणायचं!” गोदूबाई म्हणाल्या.

“त्यांनी कुठे लपवलं, गोदूबाई? लिहून ठेवलं होतं,” भाऊ म्हणाले. “आम्हीच नमस्कार करून उठत होतो.”