मुरमाखालचा खड्डा

साखर कारखान्याच्या मालकांचं छोटं विमान उड्डाण घेता घेता उसात घुसलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे त्यांच्या धावपट्टीवर फिरायला गेले. धावपट्टी कसली, माळावर मुरूम दाबून केलेला रस्ताच तो. त्यावर चक्क रोलर फिरत होता आणि मधला वीतभर खोल खड्डा दिसेना.

"आजच कसं काम काढलंत?" मी मुकादमाला विचारलं.

"नेहमीचंच आहे, बाई." तो माझ्याकडे बघेना.

पाय मोडून इस्पितळात पडलेल्या वैमानिकाचीच चूक होती, हे गावात एव्हाना ठरलंही होतं. दोष इतक्या घाईने ठरला की मला शंका येते. खऱ्याला सहसा एवढी घाई नसते. मग वाटलं, खड्डा खरंच होता ना? की मीच रचतेय?

दुपारी चौकशीचे साहेब आले. मालकांच्या देखत मी ती जागा दाखवली. साहेबांनी टाचेने मुरूम उकरला. वरून सुकलेला मुरूम खाली अजून ओला होता.

"खड्डा कधीपासून होता?" त्यांनी विचारलं.

"महिनाभर तरी. मी रोज वळसा घालून जायचे."

"मग कुणाला सांगितलं होतंत?"