रोशनभाभींच्या हातचे व्हॉल्व्ह

सारडा सर्कलच्या मागच्या गल्लीत अमीरभाईंचं दुकान आहे. इंजिनांची हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात ते वरचं झाकण, दुरुस्त करण्याचं. पाटीवर नाव त्यांचं, पण हेड दुकानाबाहेर जाणार की नाही हे त्यांच्या पत्नी, रोशनभाभी ठरवतात. अमीरभाईंना घाई फार. पूर्वी व्हॉल्व्ह घाईघाईत घासायचे आणि हेड आठवड्यात परत यायचं. एकदा भाभींनी त्यांच्या हातातून घासायची काठी घेतली आणि म्हणाल्या, "तुम्ही मशीन बघा, हे मी करते." त्याला वीसेक वर्षं झाली. मी समोरच राहतो, म्हणून बघत आलोय. लिहायची सवय नाही, पण परवाचं सांगावंसं वाटतं.

दिंडोरीचा वाल्मीक हेड घेऊन आला होता. द्राक्षबागवाला. छाटणीनंतर बाग फुटलेली, वर आभाळ आलेलं, आणि फवारणीच्या ट्रॅक्टरचं इंजिन खोललेलं.

"भाभी, सकाळी औषध नाय गेलं तर डावणी रोग पडंल, सगळे घड जातील. शेजारी ट्रॅक्टर मागावा तर सगळ्यांचीच फवारणी हे."

"बस, संध्याकाळपर्यंत देते."

भाभी प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्याच जागेवर घासायची पेस्ट लावून, दोन्ही तळव्यांत काठी घुमवत घासतात. एकदा घासला की तो त्याच जागेचा, दुसरीकडे नीट बसत नाही. म्हणून मिठाईच्या खोक्याला भोकं पाडून त्यात क्रमाने उभे ठेवतात. पहिल्या सिलिंडरचा एक मोठा, एक लहान, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे.

सहाही झाले आणि भाभी नमाजाला आत गेल्या. तेवढ्यात अमीरभाईंनी खोक्यातले व्हॉल्व्ह हेडमध्ये बसवून टाकले. भाभींनी येऊन हेड कागदावर आडवं ठेवलं आणि मागच्या भोकांतून डिझेल ओतलं. व्हॉल्व्ह घट्ट बसला असेल तर पुढे थेंब येत नाही.

इथे थेंब आला. मग शेजारून दुसरा. कागद भिजायला लागला.

अमीरभाई म्हणाले, "थोडंच पाझरतंय. इंजिन तापलं की बसेल."

"आणि नाही बसलं तर? बागेत पिचकारी घेऊन तुम्ही जाणार?"

वाल्मीकचा चेहरा पडला. भाभी हेडकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खोक्याला हात कोणी लावला?"

अमीरभाईंनी पंख्याकडे बघितलं. वाल्मीक हळूच म्हणाला, "मी जरा नीट लावलं. मोठे मोठे एका ओळीत, बारीक एका ओळीत. रिकामं बसवंना, भाभी."

भाभींना इतकं हसू आलं की त्या स्टुलावर बसल्याच. "अरे, द्राक्षं वाटली का तुला, प्रतवारी करायला? पेटीत भरून दुबईला पाठवतोस की काय!"

"हसू नका ना. आता काय करायचं?"

"आता कुठला कुठे होता ते कोणाला माहीत! सगळे पुन्हा घासायचे. चल, बाह्या वर कर."

एक काठी त्यांनी घेतली, एक वाल्मीकला दिली.

"हळू रे, जीव काढतोस का त्याचा? थोडा फिरव, उचल, पुन्हा टेकव."

अमीरभाई कुरकुरले, "मला नाही कधी अशी प्रेमाने काठी दिली."

"तुमच्याकडे होतीच की. काढून घ्यावी लागली."

या वेळी व्हॉल्व्ह भाभींनी स्वतः बसवले. कोरडा कागद अंथरला, डिझेल ओतलं. मीही रस्ता ओलांडून बघायला गेलो. चहा आला, पिऊन झाला, तरी कागद कोरडा. वाल्मीकने सगळ्या कडांवरून बोट फिरवलं आणि ते बोट अमीरभाईंच्या नाकासमोर धरलं. "बघा, वासबी नाय!"

दिंडोरीत इंजिन जोडायला मेकॅनिक वाट बघत होता. वाल्मीक हेड जीपमध्ये मांडीवर घेऊनच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभींचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. इंजिनाची धडधड, त्यावर पंपाचा आवाज, आणि सगळ्यावर वाल्मीकचं ओरडणं.

"भाभी, निम्मी बाग झाली! ऐका, कसं पळतंय!"

भाभींनी ऐकलं. चेहरा फुलला होता, पण आवाज कडक.

"ऐकलं. आता फोन ठेव आणि फवार. का राहिलेली निम्मी मी येऊन मारू?"