लग्नाच्या फोटोत नसलेली वरमाई

माझं लग्न खरं आहे हे पटवून द्यायला मी परदेशातल्या व्हिसा कचेरीला एकशे बारा फोटो पाठवले होते. त्यांतल्या एकातही माझी सासू नव्हती. ती नसावी म्हणून मीच खटपट केली होती, पण हे साता समुद्रापार बसलेल्या कुणा अधिकाऱ्याच्या डोळ्यांत भरेल असं काही वाटलं नव्हतं.

नवरा ऑस्ट्रेलियात मोठ्या ट्रकांचा मेकॅनिक. लग्न झालं आणि तीन आठवड्यांत तो कामावर परत गेला. मी कर्जतला आईबाबांकडे राहून जोडीदाराच्या व्हिसाची फाइल जमवत बसले. नातं मनापासूनचं आहे, नुसतं कागदी नाही, हे त्यात दाखवावं लागतं. पत्रिका दिली, हॉलची पावती दिली, आम्ही एकमेकांना लिहिलेले लाडिक मेसेजसुद्धा लाज गुंडाळून छापून दिले. पाच महिन्यांनी पत्र आलं. पनवेलच्या एजंटने ते मला समजावून सांगितलं.

"मॅडम, ते विचारतायत की नवऱ्याचे वडील वारलेत हे ठीक, पण आई हयात असून एकुलत्या एका मुलाच्या लग्नात कुठेच नाही, हे कसं? घरच्यांना लग्न मान्य आहे ना? चार आठवड्यांत खुलासा द्यायचाय. त्यांचं प्रतिज्ञापत्र आणा."

चोराच्या मनात चांदणं. एजंटच्या एसीत बसून मला घाम फुटला.

माझी सासू चौक गावी जुन्या हायवेवरच्या एका धाब्यावर भाकऱ्या थापते. वीस-बावीस वर्षं थापतेय. नवरा तिथल्याच गॅरेजात काम शिकला, आणि बंद पडलेली माझी स्कूटी त्याने दुरुस्त केली तिथून आमचं जुळलं. आमचं घर शिक्षकांचं. बाबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, गावात चार लोक नमस्कार करणारे. जावई परदेशात आहे म्हटल्यावर त्यांनी फार ताणलं नाही. "त्याच्या आई काय करतात?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, "चौकला त्यांचं हॉटेल आहे." किती सहज म्हणाले!

लग्न जवळ आलं तशी ती थाप माझ्याच गळ्याशी आली. सासू हॉलवर येणार, कोपरापर्यंत चटक्यांचे डाग असलेल्या हातांनी सगळ्यांचे हात धरणार, आणि माझी मावशी विचारणार, "हॉटेल कुठलं हो तुमचं?" मला झोप येईना. शेवटी मी नवऱ्याला सांगितलं, की आमच्याकडे विधवा बाई लग्नकार्यात पुढे येत नाही, जुनी रीत आहे, मोडली तर बाबांना फार लागेल. साफ खोटं. ही रीत आमच्या घरात आजोबांनीच मोडली होती. नवरा भडकला. मी रडले. रडणं मात्र खरं होतं, म्हणून त्याला पटलं असावं.

त्याने आईला सांगितलं. ती म्हणाली, "रीत हाय ना रं त्यांची? मंग मोडायची कशाला? मी दुसऱ्या दिशी हितं बगीन की तुमाला."

घरी मी सांगितलं, सासूबाईंना ताप आलाय. आईला वाईट वाटलं. तिने जेवणाचा डबा भरून चौकला पाठवला, वर जिलबी वेगळी. लग्नाच्या गडबडीत माझ्या दोन थापांची एकमेकींशी गाठ पडली नाही, आणि मी स्वतःला मोठी हुशार समजले.

तर एजंटकडून आल्यावर मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा टाइप केला, लॅपटॉप घेतला आणि स्कूटीवरून चौकला गेले. दुपारचं गिऱ्हाईक ओसरलं होतं. सासू चुलीपुढून उठली, पिठाचे हात पदराला पुसले आणि माझ्यासाठी खुर्ची आणली. स्वतः पाटावर बसली. व्हिसा अडकलाय हे ऐकल्यावर तिचा चेहराच उतरला.

"माज्यामुळं अडाकला व्हय?"

मी नाही म्हणाले, पण धड म्हणाले नाही. मसुदा वाचून दाखवला. 'आमच्या चालीरीतीप्रमाणे विधवा स्त्री लग्नविधींना उपस्थित राहत नाही, म्हणून मी गेले नाही. या लग्नाला माझी पूर्ण संमती आहे.' तिने मान डोलावली. मग म्हणाली, "ते फोटू हायत काय गं ह्यात? दाखव की. मी अजून बगितलंच नायत."

सहा महिने झाले होते. तिच्या मुलाच्या लग्नाचे फोटो मी तिला दाखवले नव्हते, आणि तिनेही मागितले नव्हते.

ती एकेक फोटो सावकाश बघत होती. मुलाच्या फेट्यावर बोट ठेवून हसली. "बापासारका दिसतोय." बाबांना तिने ओळखलं, आईला ओळखलं. मग माझी ओटी भरली जात होती तो फोटो आला.

"ही कोन?"

"माझी आत्या."

"ह्येंचं मालक कुटं हायत? येकाबी फोटूत नाय दिसलं."

मी काहीही सांगू शकले असते. बाहेर उभे होते, गावी होते, काहीही. पण नको तेव्हा माझी जीभ खरं बोलून गेली. "ते वारले. पंधरा वर्षं झाली."

सासूने पुन्हा फोटोकडे पाहिलं. आत्याची जांभळी पैठणी, कपाळावर टिकली, हातात नारळ, आणि समोर पदर पसरून मी. मला वाटलं, आता बोलेल. बोलली असती, चार शिव्या हासडल्या असत्या तरी बरं झालं असतं, मी ऐकून घेतल्या असत्या. तिने पुढचा फोटो दाखव म्हणून खूण केली. उरलेले सगळे फोटो तेवढ्याच सावकाश बघितले.

शेवटचा बघून झाल्यावर म्हणाली, "कागदावर रीतीचं नको लिवू. हे फोटू तेंच्याकडं गेल्यात ना? कोनी इचारलं, ह्या बाईला चालतं नि तिला कसं नाय, तर? तापाचं लिव."

"तापाचं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुज्या आयनी फोन केलावता ना लग्नाच्या संद्याकाळी. ताप उतारला का म्हनून. मी बोलली, उतारला." ती उठली, चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "पोराला नाय सांगितलं मी. कशाला उगाच तुमच्या दोगांत. त्यानी हा कागद वाचला, तर बोलीन, आलावता ताप, तुला सांगितलं नाय."

म्हणजे सहा महिने तिला माहीत होतं. दिवाळीला तिने मला साडी घेतली, दर आठवड्याला फोन करून जेवलीस का विचारलं, आणि तिला माहीत होतं. मी तिच्या पायांशी बसून माफी मागायला हवी होती. मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि रीत खोडून ताप टाइप केला. व्हिसा हवा होता मला. नवऱ्याला यातलं काही कळायला नको होतं. दोन्ही त्या एका ओळीने मिळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने धाब्यावर खाडा केला. तिला मागे बसवून खालापूरला तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या नोटरीकडे नेलं. तिने इस्त्रीची साडी नेसली होती. नोटरीने भराभरा वाचलं. "लग्नाच्या दिवशी मला ताप असल्याने मी उपस्थित राहू शकले नाही, हे सर्व मी शपथेवर सांगते. खरं आहे ना, आजी?"

"खरं हाय."

"कुणी जबरदस्ती नाही ना केली?"

"नाय वो. सून हाय माजी."

तिने एकेक अक्षर काढत सही केली. नोटरीने शिक्का मारला. पाच मिनिटांत आम्ही बाहेर.

मी स्कूटी काढत होते तर ती फुटपाथवरच उभी राहिली. बराच वेळ काहीतरी मनात घोळत होतं तिच्या.

"गं, ते शपथ बोलला ना तो. ती कोनाची असते?"

"म्हणजे?"

"पोराची तर नाय ना घेतली मी? खोटी शपथ ज्याची घेतली त्याला भोवते. कागदावर त्याचं नाव हाय, म्हनून इचारलं."

मी म्हणाले, नाही, मुलाची नाही. कागदावर शपथ घेणाऱ्या म्हणून फक्त तुमचं नाव आहे.

"माजं येकटीचं?"

"हो."

"मंग काय नाय," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्याला धरून मागे बसली.